डी. वाय. पाटील स्टेडियमवरच्या रॉक शोला पाच वर्षांच्या लेकीला न्यायचं आहे: कान, जागा, गर्दी

निलाक्षी_ठाणे

नमस्कार. लेक पाच पूर्ण, सहावं चालू, उंची १०८ सेंमी. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर एका मोठ्या रॉक बँडचा शो आहे. तिला त्यांची गाणी तोंडपाठ आहेत आणि आयोजकांच्या नियमात तिचं वय बसतं. तिकीट काढण्याआधी नीट माहिती हवी आहे. आम्ही दोघं तिच्याबरोबर असू, ठाण्याहून लोकलने येऊ.

आवाज तिच्या कानांना झेपेल का, कोणत्या प्रतीचे इअरमफ (हेडफोनसारखे कानांवर बसणारे, आवाज अडवणारे मफ) घ्यावेत? जागा मैदानात घ्यावी की स्टँडमध्ये, आणि स्टँडमध्ये नेमकी कुठे? परतीच्या गर्दीचं काय करावं? "नेऊ नका" असं मत असेल तर तेही सांगा, पण कारणासकट.

लाइन_अॅरे

जागेपासून सुरुवात करतो, कारण मफ कितीही चांगले घेतले तरी जागा चुकली तर उपयोग नाही.

स्टेडियम शोमध्ये मंचाच्या दोन्ही बाजूंना उभ्या माळेसारखे स्पीकर टांगलेले असतात. अशा माळेचा आवाज साध्या स्पीकरसारखा अंतराबरोबर झपाट्याने पडत नाही. साध्या स्पीकरपासून अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल कमी होतात. माळेच्या जवळच्या पट्ट्यात ही घट ३ डेसिबलच्या आसपासच असते. त्यामुळे "मागे बसलो म्हणजे शांत" हा हिशेब खोटा ठरतो. शिवाय मैदानाच्या मध्यावर किंवा त्याच्याही मागे मनोरे उभारून त्यांवर दुसरे स्पीकर लावतात. त्यांचा आवाज मुद्दाम सेकंदाच्या काही अंशाने उशिरा सोडतात, म्हणजे मंचावरून येणाऱ्या आवाजाशी तो जुळतो. अशा मनोऱ्याच्या तोंडासमोरची जागा मंचाजवळच्या जागेइतकीच दणदणीत असू शकते.

बास हे वेगळंच प्रकरण आहे. सबवूफर (फक्त बासचे मोठे स्पीकर) बहुतेक वेळा मंचाच्या पायथ्याशी जमिनीवर, डावी-उजवीकडे रचलेले असतात. दोन्हीकडच्या लाटा बरोब्बर मधल्या रेषेवर एकत्र येतात, म्हणून मंचासमोरच्या सरळ पट्ट्यात बास सगळ्यात जड. त्या रेषेवरून बाजूला सरकलं की तो बराच उतरतो. हे लहान मुलांच्या बाबतीत महत्त्वाचं, कारण मफ बास फारसा अडवत नाहीत आणि छातीत घुमणाऱ्या धक्क्यांनीच मूल आधी घाबरतं.

म्हणून पसंतीचा क्रम असा: बाजूचा स्टँड, मंचापासून मैदानाच्या निम्म्या अंतराच्या पुढे, वरचा किंवा मधला मजला. त्यानंतर मंचाच्या समोरचा लांबचा स्टँड, पण मधली रेषा सोडून. मंचाला लागून असलेले खालचे ब्लॉक टाळा. चित्र जवळचं दिसतं, पण टांगलेल्या माळेच्या अगदी बगलेत बसणं होतं. तिकिटाच्या नकाशात स्पीकर दाखवत नाहीत, मंच मात्र दाखवतात. माळा मंचाच्या दोन्ही कडांना असणार हे धरून चाला.

जागा क्रमांकाची आहे की "आधी येईल त्याला" आहे, हे तिकीट काढतानाच पाहा. क्रमांक नसेल तर चांगली जागा धरायला दुपारी तीनपासून उन्हात बसावं लागेल, आणि मुलीचा निम्मा जोर तिथेच संपेल.

कानसेन

आता आकडे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी मानक काढलं, त्यात १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल (ए-भारित, म्हणजे कानाच्या संवेदनेप्रमाणे, बास कमी धरून मोजलेले) ही वरची मर्यादा आहे. रॉक शो साधारण ९५ ते १०५ मध्ये फिरतो. त्याच संघटनेचं हेडफोनसारख्या वैयक्तिक उपकरणांसाठी वेगळं मानक आहे. त्यात मोठ्यांना आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास आणि मुलांना ७५ डेसिबलचे ४० तास धरले आहेत. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ७५ वरून १०० पर्यंत हा हिशेब चढवला तर मुलाचा पूर्ण आठवड्याचा वाटा साडेसात मिनिटांत संपतो. दोन गाणी. त्यामुळे मफशिवाय नेण्याचा प्रश्नच नाही, "थोडा वेळ चालेल" हेसुद्धा नाही.

मफ घेताना खोक्यावर ईएन ३५२-१ (मफसाठीचं युरोपीय मानक) आणि एसएनआर (मफ किती डेसिबल अडवतो तो आकडा) हे दोन उल्लेख शोधा. एसएनआर २५ ते २७ हवा. अमेरिकन मालावर त्याऐवजी एनआरआर हा आकडा असतो. तो मोजण्याची पद्धत जास्त कडक असल्यामुळे त्याच मफवर तो आकडा काही डेसिबलने लहान दिसतो, दोन्ही आकड्यांची थेट तुलना करू नका. ज्यावर कोणतंच मानक छापलेलं नाही ते खेळणं समजा, रंग कितीही गोंडस असो.

एसएनआर २७ म्हणजे १०० चे ७३ झाले, असं होत नाही. हा आकडा सी-भारित पातळीतून वजा करायचा असतो, आणि सी-भारित मोजणीत बास पूर्ण धरला जातो. रॉकमध्ये सी हा ए पेक्षा १०-१२ ने सहज जास्त असतो. मंचासमोर ए ९८, सी ११० असेल तर ११० वजा २७, म्हणजे ८३. त्यात मफ थोडा सैल बसल्याचे ५ धरा, ८८ झाले. ८८ ला मुलाचा आठवड्याचा वाटा दोन तासांत संपतो आणि शो अडीच तासांचा. बाजूच्या स्टँडमध्ये ए ९३, सी १०५ मिळाले तर तोच हिशेब ८३ वर येतो आणि सहा तासांहून जास्त वेळ हाती राहतो. वरच्या प्रतिसादातला जागेचा मुद्दा इतका का महत्त्वाचा, ते यावरून कळेल.

मफ काढून ठेवला तर किती बिघडतं तेही पाहा. २० डेसिबल खरोखर अडवणारा मफ शोच्या फक्त दहाव्या हिश्श्याइतका वेळ, म्हणजे दीडशेपैकी पंधरा मिनिटं काढला, तर एकूण संरक्षण २० वरून साडेनऊवर घसरतं. म्हणून सवय आधी लावा. दोन आठवडे आधीपासून रोज घालायला द्या. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मिक्सर चालू असताना किंवा कुकरच्या शिट्टीच्या वेळी, म्हणजे उपयोग तिला स्वतःला कळेल. मग वाढवत वाढवत एक अख्खा कार्टूनचा भाग. चाळीस-पन्नास मिनिटं तक्रार न करता घातला की झालं.

बसवताना गादी कानाभोवती पूर्ण टेकली पाहिजे. केसांची बट, हेअरबँड, टोपीची कड, चष्म्याची काडी यांतलं काहीही मध्ये आलं की फट पडते आणि आवाज तिथूनच शिरतो. केस मागे खाली एका पोनीत बांधा. वर अंबाडा नको, मफची पट्टी सरकते.

निलाक्षी_ठाणे

दोघांचेही आभार, इतकं नेमकं कुठेच मिळालं नव्हतं. तीन उपप्रश्न. तिच्या कानात सोन्याचे डूल आहेत, ते काढायचे का? भोक बुजेल अशी आईला भीती. घरात विमानप्रवासासाठीचे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन आहेत, ते चालतील का? आणि सासूबाई म्हणतात कापसाचे बोळे पुरतात.

कानसेन

डूल काढा. गादीखाली दाबले जाऊन अर्ध्या तासात कानाची पाळी दुखायला लागते आणि मूल मफ ओढून काढतं. भोक जुनं असेल तर एका संध्याकाळात बुजत नाही. घरी आल्यावर पुन्हा घाला. नुकतेच कान टोचले असतील तर मात्र शो पुढच्या वर्षी बघा.

कापूस साधारण ५ डेसिबलच्या वर काही अडवत नाही. सासूबाईंना सांगा, वाऱ्यासाठी कापूस ठीक, स्पीकरसाठी नाही. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन विमानाच्या एकसुरी घरघरीसाठी केलेले असतात, ढोलाच्या अचानक ठोक्याला त्यांचा भरवसा नाही आणि त्यांवर संरक्षणाचा आकडाही नसतो. फोमचे बोळे या वयात नकोत. कानाची नळी अरुंद, ते नीट बसत नाहीत आणि काढून तोंडात जाण्याची भीती. तुम्ही दोघं मात्र ते जरूर घाला. तुम्ही घातलेत की ती काढायचा हट्ट कमी करते.

शोनंतर "कानात शिट्टी वाजते", "दडे बसलेत" असं ती म्हणाली, किंवा टीव्हीचा आवाज वाढवायला लागली, तर पुढचे दोन दिवस शांत ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच असेल तर थांबू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. पाच वर्षांचं मूल खेळातून ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) करून देतं. मूल साथ देत नसेल तर ओएई (कानात बारीक आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी) तपासणी होते, त्यात त्याला काही बोलावं लागत नाही.

फाटक_क्र_७

मैदानातलं उभं तिकीट घेऊ नका. १०८ सेंमीचं मूल मोठ्यांच्या कमरेशी येतं. त्याला हवा मिळत नाही, मंच दिसत नाही आणि गर्दीला ते मूल दिसत नाही. दाटी चौरस मीटरला पाच माणसांच्या वर गेली की गर्दी लाटेसारखी हलायला लागते, तिथे कुणाचाच पाय स्वतःच्या ताब्यात राहत नाही. खांद्यावर बसवणं हा उपाय नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोवर्ल्ड महोत्सवात गर्दीच्या रेट्यात दहा जणांचा जीव गेला. त्यांतला सगळ्यात लहान नऊ वर्षांचा मुलगा वडिलांच्या खांद्यावरच होता. रेट्यात वडील बेशुद्ध पडले आणि तो खाली गेला.

वेळेचं गणित उलट बाजूने करा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, राज्य सरकारने सूट दिलेले वर्षातले मोजके दिवस सोडून. त्यामुळे नेरूळचा शो दहाला संपणार असं धरा. क्रमांकाची जागा असेल तर मुख्य बँडच्या तासभर आधी दारात असलात तरी पुरे. दुपारी तिला झोपवून आणा.

स्टेडियमची क्षमता साधारण ४५ ते ५५ हजार, वर मैदानातली माणसं. शेवटच्या ठोक्यानंतर ती सगळी एकाच वेळी उठतात. दोनच रस्ते सांगतो. एक, शेवटचं गाणं सुरू होताच निघा. दुसरा, शो संपल्यावर जागेवरच अर्धा-पाऊण तास बसा, तिला खाऊ द्या, स्टँड मोकळा होऊ द्या. मधल्या वीस मिनिटांत जिन्यावर जाऊ नका. ठाण्यासाठी नेरूळ आणि जुईनगर दोन्ही स्टेशनं चालतात. नेरूळहून सुटणारी ठाणे लोकल मिळाली तर मुलीला बसायला जागा मिळण्याची शक्यता जास्त. चालताना तिला उचलून समोर छातीशी धरा, आणि काही पडलं तर वाकू नका. गर्दीतून बाहेर पडायचं तर प्रवाहाच्या उलट न जाता तिरकं कडेला सरका.

फोनचं नेटवर्क बसतं हे गृहीत धरा. तिकिटांचे स्क्रीनशॉट दोघांच्याही फोनमध्ये, थोडी रोकड खिशात, चुकामूक झाली तर भेटायची ठरलेली जागा (तुमच्या ब्लॉकचं प्रवेशद्वार, "मुख्य गेट" नको). तिच्या हाताच्या आतल्या बाजूला बॉलपेनने दोन नंबर लिहा आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावा, घामाने पुसत नाही. निघताना त्या दिवसाच्या कपड्यांत तिचा एक फोटो काढा. हरवलेल्या मुलाचं वर्णन घाईत कुणालाच धड देता येत नाही.

मंदा_जोग

राहिलेलं थोडक्यात. बाहेरचं पाणी-खाणं बहुतेक आत सोडत नाहीत. लहान मुलांसाठी सूट आहे का ते आयोजकांना ईमेलने विचारा आणि उत्तराची प्रत जवळ ठेवा. औषध न्यायचं तर मूळ खोक्यात, चिठ्ठीसकट. दम्याचा त्रास असेल तर इन्हेलर हवाच, मंचावरचा धूर वाऱ्याबरोबर स्टँडपर्यंत येतो. शी-शूसाठी सुरुवातीच्या बँडची दोन गाणी उरली असतानाच न्या, मध्यंतरात रांग संपत नाही.

झपझप उघडझाप करणारे दिवे असतील आणि घरात कुणाला फिट्सचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. शोमध्ये ती अस्वस्थ झाली तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि तोंड दुसरीकडे वळवा. दोन्ही डोळे नुसते मिटले तर पापण्यांतून उजेड येतच राहतो.

निलाक्षी_ठाणे

बाजूच्या स्टँडची क्रमांकाची तिकिटं बघते, मफ आज मागवते. शेवटचं: धाकटा दीड वर्षाचा आहे, त्याला मफ घालून कडेवर आणता येईल का?

कानसेन

नाही. त्या वयात डोक्याचा आकार लहान, मोठ्या मुलांच्या मफची पकड बसत नाही. बाळांसाठीचे पट्टीवाले मफ मिळतात, पण मूल झोपेत मान वळवून ते सरकवतं आणि अंधारात तुम्हाला कळत नाही. कानात काय होतंय ते त्याला सांगताही येणार नाही. त्याला सासूबाईंकडे ठेवा. आणि मुलीसाठीही तुम्हा दोघांत आधीच ठरवून ठेवा: तिने दुसऱ्यांदा "बाहेर जाऊया" म्हटलं की एकाने तिला घेऊन स्टँडच्या मागच्या बाजूला जायचं, मफ कानांवरच ठेवून. दहा मिनिटांत शांत झाली तर परत या, नाही तर घरी.