मदत हवी आहे: टीएएन टायट्रेशनमध्ये इलेक्ट्रोड स्थिरच होत नाही

बीकरवाला: वापरलेल्या टर्बाइन तेलाचा टीएएन (एकूण आम्लाचा आकडा) काढतोय, एएसटीएम डी६६४ने, म्हणजे इलेक्ट्रोडच्या मिलिव्होल्टवरून आम्ल मोजायच्या प्रमाणित पद्धतीने. काचेचा कॉम्बिनेशन इलेक्ट्रोड. पीएच ४ आणि ७च्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणांत) झक्कास, नमुन्यात बुडवला की मिलिव्होल्ट सरकतच राहतात. चार रन वाया गेले. इलेक्ट्रोड टाकून द्यायचा का? लवकर सांगा, संध्याकाळी रिपोर्ट द्यायचाय.

निरीक्षक: सॉल्व्हंट? नमुना किती? इलेक्ट्रोडच्या आत काय भरलंय?

बीकरवाला: सॉल्व्हंट नेहमीचाच. नमुना ५ ग्रॅम.

निरीक्षक: नेहमीचा म्हणजे टोल्युइन ५००, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) ४९५, पाणी ५ मिली, असंच ना? टीएएन १च्या आत असेल तर ५ नाही, २० ग्रॅम घ्या. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

रंगपंचमी: एवढा खटाटोप कशाला? डी९७४ करा, रंगावरून टीएएन काढायची पद्धत. पी-नॅफ्थॉलबेन्झेइन हा रंगदर्शक घाला, नारिंगीचं हिरवं झालं की संपलं.

शून्यबिंदू: तेल काळपट असेल तर कसलं नारिंगी आणि कसलं हिरवं?

रंगपंचमी: टर्बाइन तेल आहे हो, इंजिनातलं नाही.

तेलतूप: तेलात पाणी असणार. पाणी मोजायची कार्ल फिशर पद्धत लावा, दुहेरी प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड घ्या.

निरीक्षक: पाणी कुणी विचारलंय?

शून्यबिंदू: बीकरजवळ हात नेला की आकडा उड्या मारतो का? टोल्युइनमधून वीज जवळजवळ वाहत नाही आणि काचेचा रोध मेगाओममध्ये, म्हणून स्थिर विद्युत लगेच दिसते. अर्थिंग तपासा, इलेक्ट्रोड टिश्यूने घासू नका.

बीकरवाला: हात नेला की हलतो, पण हे सरकणं एकाच दिशेनं आहे. आत ३ मोलर केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) आहे, आणखी काय असणार?

निरीक्षक: घ्या! हे पहिल्या ओळीत हवं होतं. केसीएल आयपीए-टोल्युइनमध्ये विरघळत नाही, इलेक्ट्रोडमधलं द्रावण नमुन्याला भेटतं त्या जोडावर साका धरून वाट बुजवतं. बफर पाण्यातले, म्हणून तिथे सगळं ठीक दिसतं. केसीएल ओतून टाका, स्लीव्ह (जोडावरची काचेची बाही) काढा, आतबाहेर डिस्टिल्ड पाण्याने धुवा, मग इथेनॉलने दोनतीनदा. २ मोलर लिथियम क्लोराइड इथेनॉलमध्ये भरा: १०० मिलीला ८.५ ग्रॅम. बाटली उघडी ठेवलीत तर ते हवेतली ओल ओढतं, वजन चुकतं. आतली पातळी नमुन्यापेक्षा वर हवी आणि भरायच्या भोकाचं बूच टायट्रेशनभर उघडं.

शून्यबिंदू: प्रत्येक रननंतर आधी सॉल्व्हंट, मग आयपीए, मग ५ मिनिटं पाण्यात. सॉल्व्हंटने काचेवरचा ओला थर सुकतो, तो पाण्यातच परत येतो. पुढच्या नमुन्याआधी आयपीएची एक धार. आणि पीएच ४ व ७च्या बफरमधला फरक किमान १६२ मिलिव्होल्ट येतोय का पाहा.

बीकरवाला: १७१ आहे. स्लीव्ह निघत नाहीये.

निरीक्षक: पिळू नका, काच जाईल. टोक कोमट डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, साका पाण्यात विरघळतो.

बीकरवाला: निघाली. आत पांढरा चुरा होता. भरून ब्लँक (नमुन्याशिवाय नुसता सॉल्व्हंट) घेतला, जागचा हलत नाही. आता २० ग्रॅम लावतो.

रंगपंचमी: डी९७४ने एव्हाना रिपोर्ट गेला असता.