तलंगांचे (तरुण कोंबड्यांचे) पाय जातायत, कलेजीवर गाठी. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आईच्या हौसेने परसात गावरान कोंबड्या आहेत. जुन्या आठ, शिवाय हॅचरीतून आणलेली ६० पिल्लं. मानमोडी, गंबोरो, देवी, सगळ्या लसी वेळेवर दिल्या. आता तलंगा साडेतीन महिन्यांच्या झाल्यात आणि पंधरा दिवसांत सात गेल्या. आधी लंगडतात, मग एक पाय पुढे नि एक मागे ताणून पडून राहतात. भूक असते, पण खाद्यापर्यंत जाता येत नाही. बाकीच्या अंगावरून तुडवत जातात, बघवत नाही.

काल डॉक्टरांनी एक चिरून दाखवली. कलेजी फुगलेली, वर पांढरट गाठी. एका मांडीतली नस दुसरीपेक्षा चांगलीच जाड. म्हणाले, मरेक्स. विषाणूने होणारा कॅन्सर.

उरलेल्यांना आता लस टोचून फायदा आहे का? आणि माणसाला होतो का हो हे? शेजारणीने अंडी बंद केली, घरात चार वर्षांची भाची आहे, आई धास्तावलीय.

प्रतिसाद १
दादा, आता लस देऊन उपयोग नाही. ती पिल्लू एक दिवसाचं असताना मानेच्या कातडीखाली टोचतात, हॅचरीतच. शिवाय तिने लागण थांबत नाही, फक्त गाठी टळतात. विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरतो आणि शेडच्या धुळीत महिनोन् महिने टिकतो. तुमच्या जुन्या आठ दिसायला ठणठणीत असल्या तरी वाहक असू शकतात. पुढची पिल्लं त्यांच्यापासून लांब वाढवा, जुना भुसा काढून जाळा. लंगडणाऱ्या आजच वेगळ्या करा.

प्रतिसाद २
आईंना सांगा, घाबरू नका. हा कोंबड्यांचा हर्पिस गटातला विषाणू, माणसाला गाठी करत नाही. कोंबडीतला कॅन्सर विषाणूने होतो हे पेटन राउस या शास्त्रज्ञाने १९११ मध्येच दाखवलं होतं (तो विषाणू वेगळा), नोबेल मिळालं थेट १९६६ मध्ये! माणसाचे विषाणू निराळे: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा एचपीव्ही, यकृताचा हिपॅटायटिस बी. दोन्हींवर लस आहे. भाचीची बी ची झालीय का, कार्ड बघा. एचपीव्हीची नऊ वर्षांनंतर. निरोगी कोंबड्यांची अंडी खुशाल खा, आजारी कोंबडी मात्र कापून खाऊ नका.

धागाकर्ता
आभार. भाचीचं कार्ड बघितलं, बी झालीय. हॅचरीला फोन केला, तर म्हणे, "गावरानाला ती लस कोण देतं?"