सोंग घेऊन पोस्त मागणाऱ्याने तोंड दाखवावं की नाही?

खाडीपल्याड: आमच्या वाडीच्या बैठकीत यंदा विषय निघालाय. शिमग्यात सोंगं घेऊन फिरणाऱ्या पोरांनी आधी मुखवटा काढायचा, नाव सांगायचं, मग पोस्त, म्हणजे शिमग्याचे पैसे, मागायचं. माझा याला पूर्ण पाठिंबा आहे. हल्ली बाजारातले रबरी भुताचे मुखवटे चढवून पोरं रस्त्यात दोरी धरतात. गाडीत एकटी बाई दिसली की काचेवर थापा मारतात. दुसऱ्या दिवशी विचारावं तर कोण होतं ते कुणालाच माहीत नसतं. आपल्या नमनातल्या संकासुराच्या सोंगाशी याची तुलना नको. काळा झगा, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. तो अंगावर धावून आला तरी पोरं खिदळत पळतात, कारण मागे खेळे, म्हणजे नाचणारी-गाणारी मंडळी, असतात, मृदंग असतो, अख्खा गाव असतो.

मृदंगवाला: माझा विरोध. मी नमनात, म्हणजे आपल्या कोकणातल्या लोकनाट्यात, संकासुर केलाय, म्हणून सांगतो. ज्या भावकीशी आमचा बांधावरून वाद चाललाय, त्यांच्या अंगणातही संकासुर नाचतो आणि ते लोक नारळ-पैसे देतात. उघड्या तोंडाने मी त्या अंगणात पाय ठेवणार नाही, तेही ठेवू देणार नाहीत. नाव सांगायची सक्ती केलीत तर तेवढी एक वाटही बंद होईल.

कुडाळकर: दादा, हे पटत नाही. आमच्याकडे दशावतारात गणपतीला लाकडी मुखवटा असतो, बाकीचे बहुतेक तोंड रंगवून उभे राहतात. स्त्रीपार्टी, म्हणजे बाईचं काम करणारा पुरुष, कोण, कुठल्या गावचा, हे प्रेक्षकांना ठाऊक असतं. तरी द्रौपदीने टाहो फोडला की बायकांचा पदर डोळ्यांना लागतोच. नाव कळल्याने सोंग बिघडत असतं तर दशावतार कधीच बंद पडला असता.

स्कूटीवाली: मी रोज कामावर जाताना तोंडाला स्कार्फ गुंडाळते. धूळ हे अर्धंच कारण. कुठे थांबले, कुणाशी बोलले, ही बातमी माझ्याआधी घरी पोचते, म्हणून गुंडाळते. आज सोंगांना तोंड उघडं करायला लावलंत, उद्या आमची पाळी. काचेवर थाप मारणाऱ्याला धरा ना! 2020-21 मध्ये सगळा गाव मास्क लावून फिरत होता, तेव्हाही कोण कसा चालतो यावरून माणूस लांबून ओळखू यायचा. ओळखणारे आजही ओळखतात, बोलत नाहीत एवढंच.

खाडीपल्याड: ताई, तुमचा स्कार्फ कुणाची गाडी अडवत नाही.

स्कूटीवाली: नियम लिहिणारे हा फरक ठेवतील याची हमी तुम्ही देता?

चिरेखाण: तुमचं चालू द्या, पण ज्यांना तोंड झाकायची खरी गरज आहे त्यांच्याबद्दलही बोला. खाणीवर कटाईचं मशीन सुरू झालं की जांभ्याची लाल धूळ उठते. पोरं गमछा बांधून दिवस काढतात, संध्याकाळी नाक शिंकरलं की तांबडा चिखल. एन95 मास्क 0.3 मायक्रॉनचे निदान 95 टक्के कण अडवतो, तोही चेहऱ्याला घट्ट बसला तर. दाढी वाढलेली असली की कडेने हवा शिरते. गमछा काय अडवणार? यंदाच्या पोस्ताच्या पैशातून खाणीवरच्या पोरांना मास्क घेऊन द्या.

मानकरी: चिरेखाणवाल्या भावाचं बैठकीत मांडतो. बाकी, देवाची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, वर्षभर पेटीत असतात. शिमग्यात पालखीत रूपं लागली की देव घरोघर निघतो. ती कुणी लावायची, कुणी उतरवायची, हे मान ठरलेले आहेत. तसंच सोंगांचं करा. दारात नाव विचारू नका, पण कुणी कुठलं सोंग घेतलंय ते गावकराकडे, म्हणजे गावच्या प्रमुख मानकऱ्याकडे, आधी नोंदवा.

मृदंगवाला: नोंदीला माझी हरकत नाही, खेळे एरवीही गावकराला विचारूनच निघतात. पण रस्त्यावर दोरी धरणारी निम्मी पोरं चाकरमान्यांची, चार दिवसांसाठी आलेली. ती गावकराकडे कशाला जातील?

खाडीपल्याड: मग त्यांच्या बापांना बैठकीला बोलवा. होळी उभी करायला ते असतातच.