शिबिराचं सामान कोण सांभाळतं? तुमचे अनुभव सांगा

परवा शाळेची सामानखोली उघडली. सहा तंबूंच्या मिळून 144 लोखंडी खुंट्या असायला हव्यात. मोजल्या तर 97. बाकीच्या कुठं आहेत ते मला ठाऊक आहे. निम्म्या गावात बकऱ्या बांधायच्या कामी लागल्या आहेत. स्काऊट-गाईड पथकाचं सामान ज्यांनी सांभाळलं, हरवलं किंवा भिजवलं, त्या सगळ्यांना आग्रहाचं बोलावणं. काय घडलं ते सांगा, उपदेश नको.

सुरुवात माझ्यापासून. चिखलदऱ्याहून परतताना अवकाळी पाऊस लागला. पोहोचलो तेव्हा रात्र झाली होती, पालक गेटवर उभे. ओले तंबू तसेच गुंडाळून आत टाकले, म्हटलं सकाळी वाळवू. मधे तीन दिवस सुट्टी. चौथ्या दिवशी घडी उलगडली तर कॅनव्हासवर मोहरी सांडल्यासारखे काळे ठिपके. ओला तंबू घडी करायचा नाही हे मुलांना दरवर्षी मीच शिकवतो! पोरांनी तोंडावर काही म्हटलं नाही, एवढे संस्कार आहेत. हे तंबू खरी कमाईच्या पैशातून घेतलेले होते. पोरांनी बाजाराच्या दिवशी पोहे-भजी विकून जमवलेले पैसे. ते जास्त लागलं.

— स्काऊट मास्तर, दर्यापूर तालुका

नववीत सरांनी मला क्वार्टर मास्टर केलं, म्हणजे पथकाचं सामान सांभाळणारा. पोळा झाला अन् वीस फुटी दोन दोर गायब. आठ दिवसांनी दिसले, आमच्याच संघातल्या एकाच्या गोठ्यात, बैलाचं दावं म्हणून. म्हटलं, काऊन बे? तर म्हणे, "खुंटा गाठ घरी करून दाखवली, बाबाले आवडली. आता सोडूच देत नाही." सरांपाशी तक्रार नेली तर सर हसतच सुटले. शेवटी त्याच्या बाबानं बदल्यात अंबाडीचा दोर दिला, घरी वळलेला.

डिसेंबरात धरणाकाठी शिबिर होतं. तोच दोर तंबूच्या ताणाला बांधला आणि झोपलो. दव पडून अंबाडी ओली झाली की आखडते. झोपायच्या आधी ताण ढिले करा, असं सर सांगून गेले होते. रात्री दोनला एका बाजूच्या खुंट्या उपटून तंबू आमच्या अंगावर. गंमत म्हणजे शेजारच्या तंबूला नायलॉनचे दोर होते. ते ओले होऊन सैल पडले, तंबू पोटात गेला, पण उभा राहिला. त्या संघानं सकाळी आम्हाला चहा दिला, आणि वर्षभर टोमणे.

— माजी संघनायक, कारंजा तालुका

आमच्याकडं भांड्यांचा प्रश्न मोठा. गावातल्या बचत गटाकडं लग्नकार्याची भांडी भाड्यानं मिळतात. तिथल्या बाया हिशेबाला पक्क्या, झाऱ्यासुद्धा मोजून परत घेतात. त्यांचंच पाहून मी प्रत्येक संघाच्या गंजाला, म्हणजे स्वयंपाकाच्या पातेल्याला, बुडाशी नेलपॉलिशचा ठिपका दिला. गुलाब संघाला लाल, जाई संघाला पांढरा. पहिल्याच शिबिरात चुलीवर ठिपके जळून गेले! मग कानाशी नाव कोरून आणलं.

एक मात्र पोरींनीच मला शिकवलं. चुलीवर ठेवण्याआधी जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) गंजाला बाहेरून ओल्या मातीचा लेप द्यायचा, काजळी मातीबरोबर निघून जाते. घरी आज्या तसंच करतात. मी शहरातली, मला कुठलं माहीत!

— गाईड कॅप्टन, गोंदिया जिल्हा

किल्ली माह्यापाशी, म्हणून बोलणंबी मलेच. उंदरानं तंबू कुरतडला का सर माह्याकडं पाहते. पण पोषण आहाराचा तांदूळ त्याच खोलीत ठेवला कोणं? उंदीर तांदळासाठी येते, दात तंबूवर घासते. आता तंबू आढ्याले टांगले, बोऱ्यात निंबाचा पाला टाकला. पाल्यानं उंदीर जात नाही, कसर लागत नाही एवढंच.

— शाळेचा शिपाई, यवतमाळ जिल्हा

वरचं वाचून हसू आलं, पण आमच्याकडं उलटंच झालं. नवे हलके तंबू आले. फाटतील, हरवतील म्हणून वरिष्ठांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं. मागितले की उत्तर एकच, "मोठ्या मेळाव्याला काढू." पत्र्याच्या खोलीत तीन उन्हाळे, तीन पावसाळे गेले. मेळावा आला, काढले, तर आतला पाणीरोधक थर चिकट होऊन एकमेकाला डकलेला. उलगडताना सोललेल्या कांद्यासारखे पापुद्रे निघाले. एकही रात्र कोणी त्यात झोपलं नव्हतं. नोंदवहीत मात्र सगळं "सुस्थितीत".

— रोव्हर (मोठ्या वयाचा स्काऊट), वर्धा जिल्हा

खुंट्यांबद्दल शाळेत परिपाठाला सांगितलं होतं. आज 11 परत आल्या. एकीला दावं तसंच बांधलेलं होतं.

— स्काऊट मास्तर, दर्यापूर तालुका