बार्बाडोसला जहाजावरून उतरून गाडीने फिरायचं, सहा तासांत

ताई: क्रूझमधला बार्बाडोस बेटाचा दिवस आज ठरवून टाकू. जहाज सकाळी ८ ला धक्क्याला लागतंय, ४:३० पर्यंत सगळे परत आत हवेत. आपण पाच जण. दादा म्हणतोय भाड्याची गाडी घेऊ. मामा, एवढ्या वेळात जमेल का?

मामा: जमेल, आणि गाडीच घ्या. बेट लांबीला ३४ किलोमीटर, रुंदीला २३. क्षेत्रफळ ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीएवढंच जवळपास. पण ८ ते ४:३० हा तुमचा वेळ नाही. उतरायला सुरुवात होईपर्यंत साडेआठ, बंदराबाहेर येऊन गाडी हातात पडेपर्यंत सव्वानऊ. गाडी सव्वातीनला परत द्यायची. मधले सहा तास तुमचे. त्यातले तीन गाडी चालवण्यात जातात.

भाऊजी: गाडी मी चालवतो. रोजची सवय आहे.

मामा: जावईबापू, तुम्ही शेजारी बसा आणि नकाशा सांभाळा. तिथे वाहतूक डावीकडून, स्टिअरिंग उजवीकडे, आपल्या ठाण्यासारखं. दादाचा हात त्यावरच बसलेला आहे. न्यू जर्सीची सवय असलेल्या माणसाची नजर गोल चौकात आधी डावीकडे जाते आणि गाड्या येतात उजवीकडून. शिवाय जपानी गाड्यांत इंडिकेटरचा दांडा उजव्या हाताला असतो. तुम्ही वळायला जाल आणि वायपर चालू होईल.

भाऊजी: पटलं. दादा, तूच चालव.

दादा: चालेल. लायसन्सचं काय करायचं?

मामा: तुझं मूळ लायसन्स, कार्ड. मोबाइलमधली प्रत चालत नाही. त्याच्यावर भाडेवालाच तुला व्हिजिटर परमिट करून देतो, १० बार्बाडोस डॉलर. त्यांचा डॉलर अमेरिकन डॉलरला बांधलेला आहे, २ ला १, तेव्हा ५ अमेरिकन डॉलर धर. दुसऱ्या चालकाचं नाव घालायचं असेल तर त्याचं परमिट वेगळं.

वहिनी: डिपॉझिटचं मी सांगते, हे आमच्या बँकेच्या काउंटरवर रोज येतं. कार्ड क्रेडिटच हवं आणि ज्याच्या नावावर गाडी त्याच्याच नावाचं हवं. म्हणजे यांचं, माझं नाही. आपल्याकडच्या कार्डावर परदेशातले व्यवहार मुळात बंद असतात. निघायच्या आधी ॲपमध्ये जाऊन इंटरनॅशनल चालू करायचं, आणि त्यातही ‘दुकानातलं मशीन’ हा पर्याय वेगळा चालू करायचा. लोक फक्त ऑनलाइनचं बटण दाबतात आणि तिथे कार्ड नाकारलं जातं. दुसरं, डिपॉझिटची रक्कम कापली जात नाही, अडकवून ठेवतात. सुटायला काही दिवस लागतात, म्हणून पुढच्या खर्चाला दुसरं कार्ड ठेवा.

भाचा: फोनचं माझ्याकडून. जहाजावर असताना सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर. नाहीतर फोन जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचं बिल भलतंच येतं. बेटाचा गूगल मॅप घरूनच डाउनलोड करून ठेवा. जीपीएसला नेट लागत नाही, निळा ठिपका तसाही चालतो.

मामा: शाब्बास. फक्त मॅप सांगेल त्या प्रत्येक आडवाटेला लागू नका. दोन-तीन मिनिटं वाचवायला तो उसाच्या शेतातल्या रस्त्यावर घालतो. तुम्ही जाणार डिसेंबरात. तोड फेब्रुवारीच्या सुमाराला सुरू होते, म्हणजे तेव्हा ऊस पुरुषभर उंच उभा असतो, अगदी रस्त्याच्या कडेपर्यंत. वळणावर समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. तिथे वेग २०–२५ वर आणायचा आणि एक छोटा हॉर्न द्यायचा.

दादा: वेगमर्यादा किती?

मामा: गावात ४०, बाहेर ६०, मोठ्या हायवेवर ८०. पाट्या किलोमीटरमध्येच. सीटबेल्ट सक्तीचा, चालवताना फोन हातात घ्यायचा नाही.

मामा: आता दादा, हे नीट वाच, कारण आपल्याकडून गेलेला माणूस इथेच चुकतो. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला की अर्थ ‘मी येतोय, थांब’. तिथे बरोबर उलटं. डिपर मारला म्हणजे ‘तू जा, मी थांबलोय’. तू सवयीने थांबशील, तो तुझ्यासाठी थांबलेला, मागे रांग. आणि वाईट ते पुढे: तू रस्ता मागायला डिपर मारलास की समोरचा समजणार तू त्याला रस्ता दिलास, आणि तो गाडी पुढे काढणार. म्हणून दिवसा डिपरला हात लावूच नको. पीं करून छोटा हॉर्न ऐकू आला तर तो राग नसतो, आभार असतात.

दादा: हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि ते गोल चौक?

मामा: एबीसी हायवे म्हणजे तिथला मोठा रस्ता, त्यावर एकामागून एक आहेत. नियम एकच, उजवीकडून चौकात आलेल्याला आधी जाऊ द्यायचं. आणि तिथे तो खरोखर पाळतात. आपल्यासारखं नाक घुसवून चालत नाही. पहिल्या फाट्याला डावीकडे जायचं तर डावी लेन, उजवीकडे वळायचं तर उजवी. चुकलास तर बाहेर पडू नको, आणखी एक फेरी मार. फेरीला अर्धं मिनिट लागतं. चुकीच्या फाट्याला लागलास की पंधरा मिनिटं जातात.

ताई: वाट चुकलो तर? नेट नाही, पाट्या कमी असतात असं वाचलंय.

मामा: बसथांब्याचा खांब बघायचा. प्रत्येक थांब्यावर लिहिलेलं असतं, ‘टू सिटी’ किंवा ‘आउट ऑफ सिटी’. सिटी म्हणजे ब्रिजटाउन, तुमचं बंदर तिथेच. तुमच्या बाजूचा थांबा ‘टू सिटी’ म्हणत असेल तर तुम्ही जहाजाकडे चाललाय. मॅप बंद पडला तरी हा खांब घरी आणून सोडतो.

वहिनी: मामा, रस्ता कसा घ्यायचा ते क्रमाने सांगाल?

मामा: सांगतो. तत्त्व एवढंच की सगळ्यात लांबचं आणि अवघड आधी, बंदराजवळचं शेवटी. वेळ कमी पडला तर शेवटचं गळतं आणि त्याने काही बिघडत नाही. बहुतेक लोक उलटं करतात. आधी पश्चिमेच्या शांत समुद्रावर बसतात, मग दुपारी पूर्वेला निघतात आणि परतीच्या गर्दीत अडकतात.

मामा: बंदरातून हायवे ३ धरून बेट आडवं कापायचं, पूर्व किनाऱ्यावरच्या बाथशीबापर्यंत. वीसेक किलोमीटर, पाऊण तास धरा. शेवटी हॉर्स हिलचा उतार आहे, तीव्र आणि वळणांचा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर ‘एल’ किंवा ‘२’ वर टाकायचा. सगळा उतार ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापतात, वास येतो, आणि खाली ऐन वळणावर पकड ढिली पडते. आपण माळशेजला जसं उतरतो तसंच.

मामा: बाथशीबाला किनाऱ्यावर मोठे खडक उभे दिसतील, खालून झिजलेले, अळंबीसारखे. लाटांनी त्यांचा बुंधा खाल्लाय. पाण्यात मात्र पोहायचं नाही. हा अटलांटिक आहे, आतला ओढा माणसाला सोडत नाही. ओहोटीला खडकांत पाण्याची कुंडं तयार होतात, त्यात बसा. तेवढंच.

भाचा: सर्फिंग?

मामा: त्याच किनाऱ्यावर सूप बोल म्हणून जागा आहे, तिथे कसलेले लोक करतात. तू काठावरून बघ.

मामा: तिथून उत्तरेला अर्मी बोर्न हायवे. समुद्र उजव्या हाताला, रस्ता सपाट, रुंद, गर्दी नाही. सगळ्या बेटातला गाडी चालवायला सुखाचा तुकडा हाच. १९६६ मध्ये एलिझाबेथ राणीच्या हस्ते उघडला. बेलेप्लेन गावानंतर मॉर्गन लुइसची पवनचक्की लागते, ऊस पिळायची. मग चढ, चेरी ट्री हिल. नावात चेरी, झाडं सगळी महोगनीची, दोन्ही बाजूंनी कमान धरलेली. वर थांबून मागे वळून बघा, आलात तो सगळा पूर्व किनारा एका नजरेत. गाडी पूर्ण कडेला घ्यायची, टूरच्या बसेस तिथेच वळतात. पुढे लगेच सेंट निकोलस ॲबी. ती मठ-बिठ नाही, उसाच्या मळ्याच्या मालकाचा सतराव्या शतकातला वाडा आहे. तिकीट आहे, एक तास द्या.

ताई: हॅरिसन केव्ह पण बघायची इच्छा आहे. आणि टोकाची ॲनिमल फ्लॉवर केव्ह.

मामा: हॅरिसन केव्हला वेळ आधी बुक करावी लागते, आत ट्राममधून फिरवतात, येण्याजाण्यासकट दोन तास जातात. ती घेतलीत तर हा फेरा विसरा, ती आणि एक किनारा एवढंच. ॲनिमल फ्लॉवर उत्तरेच्या टोकाला आहे, येऊन-जाऊन आणि बघून तास मोडतो. माझं मत विचाराल तर या खेपेला दोन्ही नको.

वहिनी: जेवण? मला आणि ताईंना शाकाहारी.

मामा: सूनबाई, रोटी मागा. त्रिनिदादकडून आलेला आपलाच पदार्थ, पातळ पोळीत रस्साभाजीची गुंडाळी. बटाट्याची मिळते. तिथल्या शेफेट नावाच्या दुकानांत नक्की. मॅकरोनी पायही शाकाहारी असतो, पण अंड्याचं विचारून घ्या. एक वाजता स्पाइट्सटाउनला पोचलात तर तिथेच जेवा.

मामा: दीड वाजता स्पाइट्सटाउन सोडायचं. किनाऱ्याने हायवे १, होलटाउनला समुद्रात उतरायला अर्धा-पाऊण तास. या बाजूचं पाणी शांत. पण एका झाडाची ओळख करून घ्या, मँचिनील. वाळूच्या कडेला असतं, फळ हिरव्या लहान सफरचंदासारखं. फळ विषारी, चिकाने कातडी भाजते. पाऊस आला तर त्याच्याखाली अजिबात उभं राहायचं नाही, पानांवरून ओघळणारं पाणीसुद्धा फोड आणतं. पुष्कळ झाडांच्या बुंध्याला लाल पट्टा किंवा पाटी असते, सगळ्यांना नसते.

भाऊजी: होलटाउनच्या पुढे गर्दी असेल तर पर्याय?

मामा: बरा प्रश्न. अडीचनंतर शाळा सुटायच्या वेळेला हायवे १ मुंगीच्या चालीने चालतो. सव्वादोनला तुम्ही स्पाइट्सटाउनमध्येच असाल तर होलटाउन सोडून द्या. गावामागे माइल अँड अ क्वार्टर नावाची वस्ती आहे, तिथून रोनाल्ड मॅप हायवे धरा, आतल्या अंगाने थेट वॉरन्स. तिथून स्प्रिंग गार्डन हायवेने बंदर. वाटेत झेडआर नंबरच्या पांढऱ्या व्हॅन दिसतील, आपल्या वडापच्याच. हात दिसेल तिथे थांबतात. त्यांच्या मागे चिकटून चालवू नका.

दादा: आणि केन्सिंग्टन ओव्हल? २९ जून २०२४ ची ती टी-२० वर्ल्ड कपची फायनल, तिथे न जाता मी परत येणार नाही.

मामा: म्हणूनच शेवटी ठेवलंय. बंदरापासून किलोमीटरभरावर आहे. सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर झेल घेतला ते हेच मैदान, सात धावांनी जिंकलो. आत जायला मिळालं नाही तरी बाहेर गारफिल्ड सोबर्सचा पुतळा आहे. गाडी परत देऊन पायीही जाता येतं.

दादा: मग झालं.

वहिनी: कपड्यांचं एक वाचलंय, खरं का? लष्करी छापाचे चालत नाहीत?

मामा: खरं आहे. तिथे तो गुन्हाच आहे, लहान मुलांनासुद्धा सूट नाही. टोपी, बॅग, हाफपँट, काहीही नको. भाच्याची बॅग तपासा.

भाचा: बदलतो.

ताई: वेळेचं मी बघितलंय. आपलं जहाज सुटतं ते सान हुआन आणि बार्बाडोस, दोन्हीकडे घड्याळ एकच, उन्हाळ्या-हिवाळ्याचा फरक नाही. फ्लोरिडाहून डिसेंबरात निघणाऱ्यांना मात्र एका तासाचा फरक पडतो. तरी एक मनगटी घड्याळ जहाजावरच्या वेळेला लावून ठेवू. जहाजाच्या रोजच्या पत्रकावर पोर्ट एजंटचा, म्हणजे जहाजाच्या बंदरावरच्या माणसाचा फोन असतो, त्याचा फोटो सगळ्यांनी काढा. उशीर होतोय असं वाटलं की पहिला फोन त्याला. आणि पासपोर्ट अंगावर. जहाजाच्या सहलीसाठी जहाज थांबतं, आपल्यासाठी थांबणार नाही.

मामा: गाडी घेताना चार चाकांचे रिम, टायरच्या बाजू, काच आणि पुढच्या बंपरची खालची कड, सगळ्याचे फोटो. पेट्रोलच्या काट्याचाही. रस्त्याची कड प्रवाळाच्या दगडाची, धारदार असते. समोरून बस आली म्हणून डावीकडे फार सरकलं की टायरची बाजू चिरते, आणि चिरलेली बाजू पंक्चरवाला जोडू शकत नाही. स्टेपनी आणि जॅक आहे का ते डिकी उघडून बघायचं, विचारायचं नाही. पेट्रोल पंपावर माणूस भरून देतो, कुठल्याही पंपावर दर एकच.

ताई: भाडेवाल्याचं उत्तर आलं. ऑटोमॅटिक, पाच सीटची, चालक एक, सव्वानऊला टर्मिनलच्या बाहेर आणून देतात. पैसे भरू का?

मामा: विम्यात टायर आणि पुढची काच धरलीय की वगळलीय ते आधी लेखी विचार. बहुतेक वगळलेलीच असते. थोडे जास्त देऊन घालता येत असेल तर घाल, मग भर.