वारीत एआरटीच्या गोळ्या कशा सांभाळायच्या? मदत हवी आहे

यंदा आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर पायी जायचंय. एचआयव्हीसाठी नऊ वर्षं एआरटी (विषाणू दाबून ठेवणारी औषधं) चालू आहे, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) तपासणीत सापडत नाही, डॉक्टरांची परवानगी आहे. रोज रात्री 9 ला टीएलडीची (तीन औषधं एकत्र असलेली) एक गोळी. उपवासाची अडचण नाही, ती रिकाम्या पोटीही चालते. कॅल्शियम-लोहाची गोळी उपवासाला तिच्याबरोबर न घेता वेगळ्या वेळी घेते.

प्रश्न डबीचा आहे. राहुटीत वीसजणी, बॅग ट्रकमध्ये, वर पाऊस. डबीवर औषधाचं नाव. गोळ्या साध्या पाकिटात काढून पाहिल्या, पण ओल लागेल म्हणून एआरटी केंद्रातल्या ताईंनी नको म्हटलं. दिंडीत कुणाला सांगितलेलं नाही, सांगायचंही नाही. पण विठ्ठलाचं नाव घेत चालताना खोटंही बोलवत नाही.

वारी केलेल्यांनी सांगा: डबी कोरडी आणि नजरेआड कशी ठेवलीत? आणि ‘कसली गोळी गं?’ विचारल्यावर काय म्हणालात?