गुंड्याभाऊ, पूर्णा आजी आणि २५ जानेवारीचा कार्यक्रम

सी-३०२:
नमस्कार मंडळी. मेसेज मोठा झालाय पण प्लीज पूर्ण वाचा. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी, २५ जानेवारी २०२६ ला रविवार आहे, तेव्हा सोसायटीच्या हॉलमध्ये नेहमीचा कराओके न ठेवता वर्ष-दीड वर्षात जे कलाकार गेले त्यांच्यासाठी एक संध्याकाळ ठेवावी असं मला मनापासून वाटतंय. कमिटीत विषय काढला, कोणाची ना नाही, कसं करायचं ते इथे ठरवा म्हणाले.

हे डोक्यात का आलं ते सांगते. ११ नोव्हेंबर २०२५ ला सकाळी आपल्या ग्रुपवर धर्मेंद्र गेल्याचा फॉरवर्ड पडला आणि बघता बघता हार घातलेले फोटो, हात जोडलेले, "एक युग संपलं" वगैरे सगळं येऊन गेलं, आणि माणूस जिवंत होता, हॉस्पिटलमध्ये उपचार चालू होते! ईशा देओल आणि हेमा मालिनींना स्वतः लिहून सांगावं लागलं. चॅनेलवाल्यांनी चालवली म्हणून आपणही चालवली, पण घरच्यांनी ते वाचलं तेव्हा त्यांचं काय झालं असेल याचा विचार करा. दुसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडलं. खरोखर गेले ते २४ नोव्हेंबरला, ८ डिसेंबरला नव्वद पूर्ण झाले असते, आणि त्या दिवशी आपल्या ग्रुपवर काय होतं तर पवनहंस स्मशानभूमीकडे जाणारा रस्ता जाम आहे, कोणी जुहूकडून येऊ नका. त्यांच्याबद्दल एक ओळ नाही, कारण श्रद्धांजली आधीच वाहून झाली होती. मला ते फार लागलं.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे की फोटो-हार नको, आपण त्यांचं जे काम डोळ्यांनी बघितलंय ते ज्याचं त्याने उभं राहून सांगायचं. ऐकीव नको आणि गूगलवरचंही नको.

सेक्रेटरी:
ताई, कल्पना छान आहे. हॉल साडेनऊपर्यंतच मिळेल, दहाला माईक बंद. नावांची यादी करा, नाहीतर रात्र पुरणार नाही. आणि हिंदी घ्यायचे की फक्त मराठी?

ए-६०४:
काका हिंदी पाहिजेतच, असं कसं. सतीश शहा २५ ऑक्टोबरला गेले, असरानी त्याच्या आधी २० ला, ऐन दिवाळीत. असरानींनी घरी सांगून ठेवलं होतं म्हणे की गाजावाजा नको, म्हणून सांताक्रूझला सगळं उरकल्यावरच लोकांना कळलं. आम्ही फराळाची ताटं घेऊन बसलेलो आणि टीव्हीवर ही बातमी. आणि शोलेला यंदाच १५ ऑगस्टला ५० वर्षं झाली, त्याच वर्षात त्यातला जेलर म्हणजे असरानी पण गेले आणि वीरू म्हणजे धर्मेंद्र पण. सतीश शहांबद्दल मी बोलेन. माझ्या वयाच्या लोकांसाठी ते साराभाई व्हर्सेस साराभाई मालिकेतले इंद्रवदन, पण पप्पा सांगतात १९८४ मध्ये ये जो है जिंदगी ही मालिका लागायची त्यात दर भागात ते वेगळाच माणूस होऊन यायचे, आणि त्याच्या आदल्या वर्षी जाने भी दो यारो मध्ये अर्धा सिनेमा प्रेत होऊन काढला. प्रेत होऊन हसवायचं म्हणजे डोळा हलवायचा नाही, मान टाकलेली, लोक उचलतायत, चाकाच्या बुटांवर ढकलतायत, साडी नेसवतायत, आणि तरी लक्ष त्यांच्याकडेच जातं. आणि मराठीचं म्हणाल तर गंमत जंमत मध्ये पण होते की.

सी-३०२:
घ्या ना हिंदी, मी कुठे नको म्हणतेय. फक्त एक, मोठ्या हीरोंवर चॅनेलवाले आठवडाभर कार्यक्रम करतात, त्यांचं कोणी विसरणार नाही. आपल्या घरात रोज येऊन बसलेली माणसं असतात ना, काका, आजी, साहेब, प्रोफेसर असे रोल करणारी, त्यांना जास्त वेळ देऊया. तुमच्या लक्षात आलं का माहीत नाही पण यंदाचा ऑगस्ट फार वाईट गेला. १६ ला ज्योती चांदेकर, १८ ला अच्युत पोतदार, २८ ला बाळ कर्वे, ३१ ला प्रिया मराठे. पंधरा दिवसांत चार जण आणि त्यात मध्येच गणपती, त्यामुळे कोणालाच नीट निरोप मिळाला नाही असं मला वाटतं.

बी-१०१:
बाळ कर्वे मी घेते. नातू टाइप करतोय, मी सांगतेय. आम्ही तेव्हा गिरगावात चाळीत होतो, अख्ख्या मजल्यावर एकाच बिऱ्हाडात टीव्ही, काळा-पांढरा, लाकडी शटरचा. चिमणराव मालिका असायची त्या दिवशी त्यांच्याकडे चपला ठेवायला जागा नसायची, मुलं पुढे जमिनीवर, बायका दारात, पुरुष गॅलरीत उभे राहून खिडकीच्या गजातून बघायचे. दिलीप प्रभावळकरांचा किरकोळ चिमणराव आणि शेजारी बाळ कर्व्यांचा हा दणकट गुंड्याभाऊ. त्यांनी नुसतं "चिमण" म्हटलं की गॅलरीतून हशा यायचा. आमचे हे सांगायचे की हा माणूस महापालिकेत नोकरीला आहे. आम्हाला पटेना, म्हणजे टीव्हीत दिसणारा माणूस सकाळी आपल्यासारखा डबा घेऊन लोकल पकडतो? पुढे रथचक्र नाटकात त्यांना बघितलं तेव्हा कळलं की हा काही नुसता विनोदी नट नाही. २५ ऑगस्टला ९५ पूर्ण झाले आणि २८ ला गेले, गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी. आपल्याच पार्ल्यात राहायचे हो, आणि आपल्या गणपतीच्या स्टेजवरून एका शब्दाने कोणी बोललं नाही.

सी-३०२:
काकू, वाचताना अंगावर काटा आला. हे अस्संच्या अस्सं बोला तुम्ही.

आणि डब्याचं तुम्ही म्हणालात तेच मला या सगळ्यात सर्वात मोठं वाटतं. अच्युत पोतदार बघा, आधी प्रोफेसर, मग सैन्यात, १९६७ मध्ये कॅप्टन म्हणून निवृत्त, मग इंडियन ऑइलमध्ये पंचवीसेक वर्षं नोकरी, आणि कॅमेऱ्यासमोर आले ते चव्वेचाळिशीत! आपल्याकडे चाळिशी ओलांडली की लोक म्हणतात आता कसलं काय. १९८० च्या आक्रोश मध्ये आहेत, अर्धसत्य मध्ये आहेत, नोकरी सांभाळून शूटिंग. आताच्या पोरांना ते ३ इडियट्सचे प्रोफेसर म्हणून माहीत, त्या "कहना क्या चाहते हो" वाक्याचे मीम आपण सगळेच पाठवतो, पण सव्वाशेच्या आसपास सिनेमे केलेत त्या माणसाने, बहुतेक दोन-चार सीनचे, आणि एकही सीन वरवरचा नाही. ठाण्यात गेले, ९१ वा वाढदिवस चार दिवसांवर होता. मुंबईची रंगभूमी अशाच माणसांनी उभी केलीय. पाचला ऑफिस सुटलं की तालीम, शनिवार-रविवार प्रयोग, रात्री शेवटची गाडी, सोमवारी परत मस्टरवर सही. असं करणारे आपल्या बिल्डिंगमध्येही असतील, त्यांनी हात वर करा, तुम्हालाही बोलायचंय.

बी-७०२:
मी ज्योतीताईंबद्दल बोलेन. ठरलं तर मग ही मालिका आमच्याकडे सासूबाई आणि मी दोघी बघतो, एरवी आमचं कशात एकमत नसतं. त्यातल्या पूर्णा आजी म्हणजे ज्योतीताई गेल्या त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, अगं रोज संध्याकाळी भेटायची ती. मी त्यांना "मी सिंधुताई सपकाळ" सिनेमा लावून दिला, त्यात म्हाताऱ्या सिंधुताई ज्योतीताईंनी आणि तरुणपणीच्या त्यांच्याच मुलीने म्हणजे तेजस्विनी पंडितने केल्यात, सासूबाईंना माहीतच नव्हतं त्या मायलेकी आहेत ते.

प्रिया मराठेचं मात्र माझ्याच्याने बोलवणार नाही. ३८ वर्षांची होती हो. ३१ ऑगस्ट, गौरी आवाहनाचा दिवस, हातात गौरीचे मुखवटे आणि फोनवर ही बातमी. पवित्र रिश्ता मध्ये तिचा इतका राग यायचा, आणि त्यातच तिचं काम कळतं. तब्येतीमुळे मालिका सोडली तेव्हा नेमकं काय झालंय हे तिने लोकांपुढे मांडलं नाही आणि ते बरोबरच होतं, तिचा प्रश्न होता.

डी-२०५:
यादीत अतुल परचुरे पाहिजेत, ते गेल्या वर्षीचे, १४ ऑक्टोबर २०२४. पुलं हयात असताना रंगमंचावर पुलं उभे करायचे म्हणजे केवढी जबाबदारी, व्यक्ती आणि वल्ली नाटकात ते त्यांनी केलं आणि नक्कल न करता केलं, आवाज थोडा, बसण्याची ढब थोडी, बाकी ऐकण्यात. हो, ऐकण्यात. बाकीची वल्ली बोलत असायची आणि हे नुसते ऐकत असायचे, आपण मात्र त्यांच्याकडेच बघत राहायचो. आणि नातीगोती मधला तो मुलगा ज्यांनी बघितलाय त्यांना मी काय सांगणार. कॅन्सर झाल्यावरही परत उभं राहायची तयारी चालू होती, सूर्याची पिल्ले नाटकात ते येणार म्हणून आम्ही वाट बघत होतो.
विजय कदम पण त्याच वर्षी १० ऑगस्टला गेले, टुरटूर आणि विच्छा माझी पुरी करा या नाटकांतले. दोघांना मिळून दहा मिनिटं द्या.

ए-१०३:
तबल्याचे झाकीर हुसेन, आपल्या झाकीरभाईंना विसरू नका. माहीमचा मुलगा. १५ डिसेंबर २०२४ ला सॅन फ्रान्सिस्कोत गेले. दरवर्षी ३ फेब्रुवारीला वडिलांच्या म्हणजे अल्लारखाँसाहेबांच्या स्मृतिदिनी षण्मुखानंदला सकाळी सकाळी कार्यक्रम असायचा, थंडीत शाल गुंडाळून लोक रांगेत. ग्रॅमी एका रात्रीत तीन मिळाली त्याचं कौतुक आहेच, पण मला आठवतं ते म्हणजे साथीला बसले की मुख्य कलाकाराकडे मान वळवून बघत वाजवायचे, जागा मिळाली तरच हात सोडायचा. मी तबल्याचे दोन कायदे, म्हणजे रचना, वाजवेन, हात आता पूर्वीसारखा चालत नाही पण वाजवेन.

सेक्रेटरी:
दया डोंगरे राहिल्या बघा, ३ नोव्हेंबरला गेल्या. खट्याळ सासू नाठाळ सून सिनेमातल्या. त्यांच्यासारखी सासू परत झाली नाही, नुसती भुवई वर करायच्या आणि पलीकडचा गार. मी बोलतो पाच मिनिटं.

सी-३०२:
वा काका, लिहून घेतलं. आता ठरलेलं सांगते. निवेदन ए-६०४ करेल. एका माणसाला पाच ते सात मिनिटं, फक्त बी-१०१ च्या काकूंना वेळेचं बंधन नाही. अख्खे सिनेमे लावायचे नाहीत, परवानग्यांची भानगड नको. फोटोला हार घालण्याचे जे पैसे वाचतील ते वाचवू नका, हॉलबाहेर चहा आणि बटाटेवडा ठेवू, नाटकाच्या मध्यंतरासारखा.

आणि ग्रुपसाठी एक नियम, अॅडमिननी कृपया लावून धरा. कोणी गेल्याची बातमी घरच्यांकडून किंवा अधिकृत येईपर्यंत इथे टाकायची नाही, आधी टाकली तर काढून टाकायची. खात्री झाल्यावर टाकलीत तर खाली तुम्ही त्यांचं काय बघितलंय ते दोन ओळीत लिहा.

काकू, तुम्हाला त्या दिवशी जिने उतरायला त्रास होईल, लिफ्टचं काम चालू असेल तर भरवसा नाही. मी गुरुवारी चारनंतर येते, नातवाला सांगा फोन चार्ज करून ठेव, चाळीतला तो टीव्ही आणि गुंड्याभाऊ सगळं तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून घेऊ. रथचक्र कुठल्या थिएटरला बघितलं होतं तेही आठवून ठेवा.

बी-१०१:
ये. शिवाजी मंदिरला बघितलं होतं. चहा साडेचारला टाकते.